वजनाचा तक्ता

दान्गुओलेच्या नावात आकाश आहे,
आणि क्लाइपेडाच्या बंदरात तिची जागाही तिथेच,
सात नंबरच्या क्रेनवर, जमिनीपासून बेचाळीस मीटर वर.
मी खालचा माणूस. वंगणवाला.
सांध्यांत ग्रीस भरतो, कुरकुर ऐकतो.
एकतीस वर्षं हेच.

पूर्वी ती शिडीने चढायची.
एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या, मधे चार टप्पे.
तिसऱ्या टप्प्यावर दम खायला थांबून मला शिवी हासडायची,
का, तर मी खाली उभा आहे आणि चढत नाही म्हणून.
मग लिफ्ट आली.
साहेबांनी फीत कापली, आम्ही टाळ्या वाजवल्या,
दान्गुओलेने सर्वांत जोरात.

नंतरची वर्षं बसण्यात गेली.
दहा तास खुर्ची, दोन हातांत दोन दांडे,
पायांखाली काच, काचेखाली जहाजं.
डब्यात किबिनाइ, संध्याकाळी सोफा,
नवरा गेल्यावर रात्रीही सोफाच.
वजन काही गाठोड्यासारखं येऊन पडत नाही,
ते गंजासारखं चढतं,
रंगाच्या आतून.

गुडघा बोलू लागला तेव्हा ती म्हणाली, हवा बदलतेय.
खाडीवरून वारा यायचाच.
वाऱ्याने सहा वर्षं तिचं खोटं सांभाळून घेतलं.
क्रेनवर भार जास्त झाला की भोंगा वाजतो.
तिचाही वाजत होता:
लिफ्टमधून उतरताना कठड्यावरचा हात,
बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेला.

डॉक्टर श्पोकाइते तिच्या मुलीच्या वयाची.
तिने फिल्म उजेडासमोर धरली.
दोन हाडांमध्ये जिथे गादी असते
तिथे एक फट, तीही एका बाजूला मिटलेली.
"वजन उतरवा. पाच किलो तरी."
दान्गुओले हसली. चाळीस टन उचलते मी,
पाच किलो म्हणजे कांद्याची पिशवी.
"गुडघ्याला पाच दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाली,
"चालताना एकाचे चार होतात. जिन्यावर कधी त्याहून जास्त."
हसू अर्ध्यात लटकलं.
केबिनमध्ये एक तक्ता असतो:
क्रेनचा हात जितका लांब, तितकं ओझं जड.
तोच डबा, दूर धरला की दुप्पट.
हे गणित तिला कोणी शिकवायला नको होतं,
वीस वर्षं डोक्याशी चिकटवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला शोधत आली.
"येरोनिमास, उभ्या क्रेनचं काय होतं?"
"गंजते."
"ग्रीस भरलं तरी?"
"न फिरणाऱ्या सांध्यात ग्रीसचा दगड होतो.
फिरवलं तरच पसरतं."
ती बराच वेळ हुकाकडे बघत राहिली.
"मग माझ्यात कोण भरणार?"
मी डबा पुढे केला.
तिने शिवी हासडली, जुनी,
तिसऱ्या टप्प्यावरची.

चमत्कार वगैरे काही झाला नाही.
गेलेली गादी गेली.
गुरुवारी ती पोहण्याच्या तलावात चालते, खांद्यापर्यंत पाण्यात,
म्हणते, तिथे मला कोणी वाहत नाही, मीही कोणाला नाही.
रविवारी सेपेलिनाइ खातेच, आंबट सायीसकट,
फक्त तिनाऐवजी एक,
आणि त्या एकाकडे शेवटच्या बसकडे बघावं तसं बघत.
साडेतीन किलो उतरले.
चौदा, ती दुरुस्त करते.

आज सकाळी लिफ्ट चौथ्या टप्प्यावरच थांबली.
बिघडली असं समजून मी पाना उचलला.
दार उघडलं. दान्गुओले बाहेर आली,
तिने शिडीवर पाय ठेवला.
पहिल्या पायरीवर थांबली.
दुसऱ्या पायरीवर जास्त वेळ थांबली.
बंदराच्या गोंगाटात इतक्या खाली काही ऐकू येत नव्हतं,
पण सांधा कुरकुरला असणार.
कुरकुरतो तो अजून फिरतो,
इतकं मला कळतं.

धक्क्यावर जहाजाचा कप्तान घड्याळ दाखवत ओरडत होता.
मी त्याला हातानेच खूण केली:
थांब.